पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर आणि त्यांची दगडी शाळा

महाराष्ट्रातील कोणत्याही जुन्या गावी जावे. वेशीपाशी एखादा पार असतो, शिवारात एखादी पायऱ्यांची बारव असते, नदीला दगडी घाट असतो आणि घाटावर महादेवाचे लहानसे देऊळ असते. हे कोणी बांधले, असे म्हाताऱ्या माणसांस विचारले तर पुष्कळ ठिकाणी एकच नाव कानी पडते, ते म्हणजे अहिल्याबाई होळकर यांचे. यातील प्रत्येक काम त्यांनीच केले असेल असे नाही. काही बारवा यादवांच्या काळच्या आहेत, काही सरदारांनी, सावकारांनी किंवा गावकऱ्यांनी वर्गणी काढून बांधलेल्या आहेत. तरीही ज्याचा कर्ता विसरला गेला, असे चांगले काम लोक आपण होऊन अहिल्याबाईंच्या नावावर घालतात. एखाद्या राज्यकर्त्याला दोनशेहून अधिक वर्षांनंतर प्रजेकडून याहून मोठा मान कोणता मिळावा?

शाळेत मुले नागरिकशास्त्र शिकतात. सार्वजनिक मालमत्ता जपावी, पाणी स्वच्छ ठेवावे, हिशेब चोख असावा, परक्याला आसरा द्यावा, असे त्यात सांगितलेले असते. मुले ते पाठ करतात आणि परीक्षा झाली की विसरतात. परंतु हेच धडे घाटाच्या पायरीवर बसून, बारवेत उतरून, देवळाच्या ओवरीत उभे राहून शिकवले तर ते जन्मभर लक्षात राहतात. अहिल्याबाईंचे चरित्र मुलांस सांगावयाचे ते याच रीतीने सांगावे, कारण त्यांनी आपले विचार कागदावर थोडे आणि दगडावर फार लिहिले आहेत.

चौंडीची लेक

अहिल्याबाईंचा जन्म ३१ मे १७२५ रोजी चौंडी या खेड्यात झाला. हे गाव आज अहिल्यानगर जिल्ह्याच्या जामखेड तालुक्यात आहे. पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्याला त्यांचेच नाव २०२४ साली देण्यात आले. वडील माणकोजी शिंदे हे गावचे पाटील होते. घर धनगराचे, बेताच्या सुखवस्तू स्थितीतले. मुलींना अक्षरओळख करून देण्याची रीत त्या काळी नव्हती, तरी माणकोजींनी आपल्या लेकीला लिहावयास व वाचावयास शिकवले, असे सांगतात. एका खेड्यातील पाटलाने आपल्या मुलीच्या हाती पाटी दिली, आणि त्या एका गोष्टीचे फळ पुढे साऱ्या देशाला मिळाले.

पुण्याच्या वाटेवर असताना सुभेदार मल्हारराव होळकरांचा मुक्काम चौंडीस पडला आणि त्यांनी ही लहान मुलगी गावच्या देवळात पाहिली, अशी कथा परंपरेने चालत आली आहे. तिची शालीन वागणूक त्यांच्या मनात भरली. १७३३ साली मल्हाररावांचे एकुलते एक चिरंजीव खंडेराव यांच्याशी तिचे लग्न झाले. आठ वर्षांची मुलगी खेड्यातून निघून माळव्याच्या सुभेदाराच्या घरची सून झाली.

सासर हीच शाळा

मल्हारराव हे स्वतः धनगराच्या कुळात जन्मलेले, तलवारीच्या जोरावर वर आलेले पुरुष होते. माणसाची पारख हा त्यांचा मोठा गुण. सून हुशार आहे हे ध्यानात येताच त्यांनी तिला दौलतीच्या कामात घातले. फौज स्वारीवर निघाली की मागे वसुली पाहणे, धान्य-दारूगोळ्याची तरतूद ठेवणे, पत्रांची उत्तरे देणे, ही कामे अहिल्याबाई करू लागल्या. १७६५ च्या सुमारास मल्हाररावांनी त्यांना पाठवलेल्या पत्रांत तोफखाना घेऊन कोठे जावे, मुक्काम कोठे करावा, याविषयीच्या सूचना आहेत. सासऱ्याने सुनेला तोफांची व्यवस्था सोपवावी, हे त्या काळी नवलच होते. सासूबाई गौतमाबाई याही करारी होत्या. घरचा खर्च, देवधर्म आणि खासगीच्या जहागिरीचा हिशेब अहिल्याबाई त्यांच्या हाताखाली शिकल्या.

अहिल्याबाईंना १७४५ साली मालेराव हा पुत्र आणि १७४८ साली मुक्ताबाई ही कन्या झाली. संसार मार्गी लागला असे वाटत असतानाच दैवाचा पहिला घाव बसला. १७५४ साली राजस्थानात कुंभेरीच्या किल्ल्याला मराठ्यांनी वेढा घातला होता. तेथे किल्ल्यावरून आलेला तोफेचा गोळा लागून खंडेराव ठार झाले. अहिल्याबाईंचे वय तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे होते. चाल अशी की त्यांनी सती जावे, आणि त्या निघाल्याही होत्या. परंतु मल्हाररावांनी त्यांना अडवले. मुलगा गेला, आता सूनच आपला मुलगा, अशी त्या वृद्ध सुभेदारांची विनवणी होती. अहिल्याबाईंनी ती मानली. त्या दिवशी रूढीचे ऐकले असते तर आज काशीपासून रामेश्वरापर्यंत ज्यांची आठवण काढली जाते ती कामे उभीच राहिली नसती. देवळाच्या आवारात मुलींना ही गोष्ट मुद्दाम सांगावी.

राज्याची धुरा

२० मे १७६६ रोजी आलमपूर येथे मल्हाररावांचे निधन झाले. सुभेदारी मालेरावांकडे आली, पण वर्ष संपण्यापूर्वीच, १७६७ साली, तेही वारले. पती, सासरे आणि पुत्र गेले. घरात पुरुष वारस उरला नाही.

अशा वेळी दौलतीवर डोळा ठेवणारे पुढे येतातच. होळकरांचे जुने कारभारी गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी दत्तक घेण्याचा आग्रह धरला आणि राघोबादादांना फौजेसह बोलावले. दत्तक लहान असला की कारभार कारभाऱ्याच्या हाती राहणार, हा त्यातील हेतू उघड होता. अहिल्याबाईंनी नकार दिला. एकाची सून आणि दुसऱ्याची आई या नात्याने दौलतीवर पहिला हक्क आपला आहे, ही त्यांची भूमिका होती. त्यांनी शेजारच्या सरदारांना पत्रे पाठवली, आपली फौज सज्ज ठेवली आणि पुण्यास माधवराव पेशव्यांकडे दाद मागितली. बाईशी लढून जिंकले तर कीर्ती नाही आणि हरले तर तोंड दाखवावयास जागा नाही, असे त्यांनी राघोबादादांना कळवल्याचे सांगतात. शिंद्यांसह इतर सरदारांनी अहिल्याबाईंची बाजू उचलून धरली, माधवरावांनीही त्यांचाच हक्क मान्य केला आणि क्षिप्रेच्या काठी होऊ घातलेली लढाई टळली.

सत्ता हाती आल्यावर त्यांनी केलेले पहिले मोठे काम कामाच्या वाटणीचे होते. फौजेची जबाबदारी त्यांनी तुकोजी होळकरांकडे सोपवली. ते कुळातले विश्वासू सरदार होते. मुलकी कारभार, न्याय, वसुली आणि खजिना त्यांनी आपल्याकडे ठेवला. मतभेद झाले, तरी ही व्यवस्था जवळजवळ अठ्ठावीस वर्षे टिकली. ज्या गावी दोन माणसे वर्षभर एका समितीत नांदत नाहीत, त्या गावाने हे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवावे.

राजधानीसाठी त्यांनी नर्मदेच्या काठचे महेश्वर निवडले. तेथील त्यांचा वाडा आजही पाहावयास मिळतो. लाकडी खांब, पडवी, चौक आणि बसावयास साधी गादी. एखाद्या खाऊनपिऊन सुखी देशमुखाच्या वाड्यासारखाच तो दिसतो. स्वतःसाठी लाकूड आणि देवासाठी, वाटसरूसाठी दगड, हा त्यांचा हिशेब महेश्वरास गेलेल्या मुलाला कोणी न सांगताही कळतो.

दोन खजिने

अहिल्याबाईंच्या दानधर्माची स्तुती सर्वजण करतात, पण तो पैसा कोठून येत होता हे थोडेच सांगतात. मंदिराचे काम करणाऱ्यांनी तर हे अवश्य समजून घ्यावे.

होळकरांच्या दौलतीत दोन थैल्या होत्या. एक राज्याची. तिच्यातून फौजेचा व कारभाराचा खर्च चाले. दुसरी खासगीची. १७३४ साली पेशव्यांनी गौतमाबाईंना खासगी जहागीर दिली होती. तिचे उत्पन्न घरच्या बाईच्या हक्काचे असे. सासूबाईंमागून ही खासगी अहिल्याबाईंकडे आली. देवळे, घाट, अन्नछत्रे, धर्मशाळा यांवरील खर्च त्यांनी मुख्यतः या खासगीतून केला. राज्यकर्ता हवे तितके द्रव्य खजिन्यातून काढू शकत असता आपला पैसा आणि प्रजेचा पैसा यांत त्यांनी भिंत राखली. खासगीच्या द्रव्यावर त्यांनी तुळशीपत्र ठेवून ते धर्मकार्याला वाहिले, अशी आख्यायिका आहे. एकदा वाहिलेल्या द्रव्याला घरच्या कामासाठी हात लावावयाचा नाही, हा तिचा अर्थ होय.

ज्या काळी राजाला हिशेब विचारणारा कोणी नव्हता, त्या काळी एका बाईने स्वतःच स्वतःला हिशेब विचारला. देवळाच्या भिंतीवर जमाखर्चाचा तक्ता लागतो तेव्हा मोठ्या मुलांना तो वाचावयास लावावा. वर्गणी किती जमली, दगड कितीचा आला, मजुरी किती गेली, शिल्लक किती, याची बेरीज त्यांनी करून पाहावी. सार्वजनिक पैसा म्हणजे काय, हे त्यांना त्या एका बेरजेत समजेल.

घाट, मंदिरे आणि बारवा

अहिल्याबाईंनी आपल्या मुलुखापुरती दृष्टी ठेवली नाही. जेथे होळकरांची सत्ता नव्हती अशा दूरदूरच्या ठिकाणीही त्यांनी कामे केली. काशी विश्वनाथाचे आजचे मंदिर त्यांनी १७८० साली उभारले. त्याच्या शिखरांवरील सोन्याचा पत्रा पुढील शतकात महाराजा रणजितसिंहांनी चढवला. एकाने दगड घालावा आणि दुसऱ्याने त्यावर सोने चढवावे, असे हे देशाचे काम आहे. काशीतील मणिकर्णिका घाट त्यांनी दुरुस्त केला, आणि एका घाटाला तर त्यांचेच नाव आहे. गया येथील विष्णुपद मंदिर १७८७ साली झाले. सोमनाथास मूळ मंदिर भग्न झालेले होते. त्याच्या जवळच त्यांनी १७८३ साली लहानसे मंदिर बांधले आणि शिवलिंग तळघरात स्थापले. भव्य मंदिर पुन्हा उभारण्याची वेळ आलेली नव्हती. म्हणून त्यांनी हात जोडून वाट पाहिली नाही. पूजा खंडित राहू नये एवढे तरी त्यांनी केलेच.

आपल्या महाराष्ट्रातही त्यांच्या खुणा आहेत. वेरूळच्या घृष्णेश्वराचे मंदिर मालोजीराजे भोसल्यांनी सोळाव्या शतकात दुरुस्त केले होते. पुढे गौतमाबाईंनी आणि अहिल्याबाईंनी त्याचा जीर्णोद्धार केला. पंढरपुरात चंद्रभागेच्या महाद्वार घाटावर होळकर वाडा आहे, त्यात राममंदिर आहे. नाशिक जिल्ह्यात चांदवडचा रंगमहाल आहे. त्याचे कोरीव लाकडी खांब आणि भिंतींवरील चित्रे पाहावयास लोक आजही जातात. जेजुरीच्या पायथ्याशी होळकरांचा तलाव आहे.

मुलांना या वास्तू दाखवताना नुसते नाव आणि साल सांगून थांबू नये. घाटाला इतक्या पायऱ्या कशासाठी, असे त्यांना विचारावे. नदी उन्हाळ्यात खाली जाते, पावसाळ्यात वर येते. पाणी कोठेही असले तरी म्हाताऱ्या बाईला घागर भरता यावी म्हणून पायऱ्या आहेत, हे मुले आपणच सांगतील. बारवेत उतरताना त्यांना पायऱ्या मोजावयास लावाव्यात. वरच्या पायरीवर ऊन आणि खालच्या पायरीवर गारवा का, ते त्यांनी अंगाने अनुभवावे. वर मोटेची जागा दिसते, नाड्याने दगडाला पडलेल्या खाचा दिसतात, पाणी ओतावयाचे थारोळे दिसते. भिंतीत देवाचा कोनाडा असतो. जेथे देव बसलेला आहे तेथे कोणी थुंकणार नाही, कचरा टाकणार नाही, ही जुन्या कारागिरांची युक्ती होती. आज अनेक बारवांत प्लास्टिकच्या पिशव्या आणि निर्माल्य साचलेले दिसते. कोनाड्यातला देव तेथेच आहे. त्याच्याकडे पाहण्याची रीत मात्र आपण विसरलो.

धर्मशाळेचेही तसेच. तिला दार मोठे असते आणि ओवरीला दारच नसते. कोण आला, कोठला, कोणत्या जातीचा, याआधी त्याला सावली मिळावी, ही त्यातील कल्पना होती.

येथे एक गोष्ट मुलांपासून लपवू नये. धर्माने बांधलेली ही सर्व पाणवठ्याची व पूजेची ठिकाणे त्या काळी सर्वांना सारखी खुली नव्हती. पाण्याला येण्यास आणि देवळाची पायरी चढण्यास आपल्याच बांधवांना पुढे दीडशे वर्षे मज्जाव राहिला. त्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर जावे लागले, १९३० साली नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे सत्याग्रह सुरू करावा लागला आणि साने गुरुजींना १९४७ साली पंढरपुरात उपोषणाला बसावे लागले. आज राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली आहे. जुना दगड जपताना जुना मज्जाव जपावयाचा नाही. जीर्णोद्धार झालेल्या मंदिराची पायरी गावातील प्रत्येक मुलाच्या पायाखाली सारखीच असली पाहिजे. दगड नीट बसला की नाही हे गवंडी पाहील, पण पायरी सर्वांची झाली की नाही हे गावालाच पाहावे लागेल.

दिनक्रम आणि न्याय

अहिल्याबाईंच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांच्या आत जॉन माल्कम नावाचे इंग्रज अधिकारी माळव्यात कारभारासाठी आले. त्यांनी अहिल्याबाईंना पाहिलेल्या माणसांना विचारून, केवळ होळकरांच्या आश्रितांवर विसंबून न राहता, माहिती जमवली. ती १८२३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. परक्या राज्यकर्त्यांच्या त्या नोंदींत अहिल्याबाईंविषयीचा आदर पानोपानी दिसतो.

त्यांचा दिनक्रम असा होता. पहाटेपूर्वी उठावे, स्नान-पूजा करावी, पुराणश्रवण करावे, दानधर्म व अन्नदान करून मग स्वतः साधे शाकाहारी जेवण घ्यावे. थोड्या विश्रांतीनंतर दुपारी दोनच्या सुमारास कचेरीत यावे ते दिवस मावळेपर्यंत काम करावे. सायंकाळची पूजा व फराळ झाल्यावर रात्री नऊपासून अकरापर्यंत पुन्हा कागद पाहावेत. गाऱ्हाणे घेऊन आलेल्या कोणालाही त्यांची भेट मिळे. तक्रार लहान असली तरी ती त्या स्वतः ऐकत.

इंदुरात एक श्रीमंत सावकार निपुत्रिक वारला. तुकोजींना त्याच्या धनात दौलतीचा हिस्सा हवा होता. विधवेने महेश्वरास येऊन दाद मागितली. अहिल्याबाईंनी तुकोजींना तत्काळ इंदुरातून हलावयास सांगितले आणि त्या बाईची संपत्ती तिच्याकडे राहू दिली. विधवेने दत्तक घ्यावयाचा तर सरकारला नजराणा द्यावा, ही त्या काळची सर्रास चाल, पण ती त्यांना मान्य नव्हती. डोंगरातील भिल्ल वाटसरूंना लुटत. त्यांना आधी जरब बसवली, आणि मग वाटेने जाणाऱ्या मालावर थोडी भिलकवडी घेण्याचा त्यांचा जुना हक्क मान्य करून वाटेच्या रक्षणाची जबाबदारी त्यांच्यावरच टाकली. लुटणारे हात राखणीला लागले.

महेश्वरात त्यांनी विणकर वसवले. तेथे विणल्या जाणाऱ्या महेश्वरी साडीच्या काठांवर किल्ल्याच्या भिंतींवरील नक्षी आणि नर्मदेच्या लाटा उतरल्या आहेत, असे विणकर सांगतात. वास्तू नुसती पाहावयाची नसते, ती कारागिराला रोजची भाकरीही देते, हा धडा या साडीत आहे.

शेतकऱ्यांच्या दृष्टीने मात्र दोन लहान गोष्टी सर्वांत मोठ्या आहेत. उन्हाळ्यात महेश्वराच्या आसपास नांगर चाललेला असे, तेव्हा अहिल्याबाईंचा माणूस येऊन औत थांबवी आणि बैलांना पाणी पाजी. त्यांनी काही उभी शेतेही विकत घेतली होती. दुसऱ्यांच्या शेतातून गोफणीने हाकललेल्या पाखरांनी तेथे येऊन निर्धास्त दाणे टिपावेत यासाठी ती होती. देवळाला शिखर चढवणे पुष्कळांना सुचते, पण पाखरांसाठी शेत राखणे एखाद्यालाच सुचते.

नर्मदेत सोडलेला ग्रंथ

अहिल्याबाईंच्या चरित्रातील एक प्रसंग देणगीदारांनी आणि देणगी घेणाऱ्यांनी दोघांनीही ध्यानात ठेवण्यासारखा आहे. एका विद्वान ब्राह्मणाने त्यांच्या स्तुतीचा ग्रंथ रचला आणि दरबारात वाचून दाखवला. अहिल्याबाईंनी तो शांतपणे शेवटपर्यंत ऐकला. आपण सामान्य, चुका करणारी बाई असून एवढ्या स्तुतीस पात्र नाही, असे सांगून त्यांनी तो ग्रंथ नर्मदेत सोडावयास लावला. कर्त्याची पुढे विचारपूसही केली नाही.

देणाऱ्याचे नाव लिहिणे यात गैर काही नाही. कृतज्ञता हा गावाचा धर्म आहे, आणि स्मरणिकेत नावे छापली जातात ती त्याच भावनेने. शिवाय कोणी किती दिले हे उघड लिहिले म्हणजे हिशेबही उघडा राहतो. परंतु हजार रुपयांच्या शेजारी ज्या मोलकरणीचे अकरा रुपये आहेत, त्या दोन ओळी मुलांना एका मापाच्या अक्षरांत दिसल्या पाहिजेत. जुन्या कोरीव खांबावर मात्र कोणाचेच नाव खोदू नये, ऑइलपेंटने लिहू नये. सहलीला गेलेली मुले भिंतीवर आपली नावे कोरतात, कारण मोठ्यांनी तसेच केलेले ती पाहत असतात. ज्या बाईने आपल्या स्तुतीचा ग्रंथ पाण्यात सोडला, तिचे नाव लोक विसरले नाहीत. खांबांवर कोरलेली शेकडो नावे कोणाची, हे आज कोणीच सांगू शकत नाही.

अखेरची वर्षे

दुःखाने अहिल्याबाईंची पाठ शेवटपर्यंत सोडली नाही. कन्या मुक्ताबाई यशवंतराव फणसे यांना दिली होती. तिचा एकुलता मुलगा नथ्याबा तरुणपणीच वारला. १७९१ साली जावईही गेले. मुक्ताबाई सती जावयास निघाली. जिला स्वतःला सासऱ्याने चितेपासून परत आणले होते, त्या आईने लेकीची हरप्रकारे विनवणी केली, पण लेक ऐकेना. नर्मदेच्या काठी अहिल्याबाई उभ्या राहिल्या आणि डोळ्यांदेखत सारे घडले. पुढे तीन दिवस त्यांनी अन्न घेतले नाही, कोणाशी बोलल्या नाहीत. मग उठल्या आणि पुन्हा कामाला लागल्या. गेलेल्यांची आठवण म्हणून त्यांनी छत्री बांधली. आपले दुःखही त्यांनी अखेर दगडाच्या हवाली केले आणि कचेरी उघडी ठेवली.

१३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वर येथे, वयाच्या सत्तराव्या वर्षी त्यांनी देह ठेवला. त्यांच्यामागून होळकरांच्या घरात कलह माजले, लढाया झाल्या, राज्य आकुंचन पावले. फौजेने जिंकलेले पुष्कळसे गेले. घाट राहिले, बारवा राहिल्या, देवळांतील पूजा चालू राहिली.

मुलांच्या हाती

आपल्या राज्यघटनेत १९७६ साली नागरिकांची मूलभूत कर्तव्ये घालण्यात आली. कलम ५१ क मधील या कर्तव्यांत आपल्या संमिश्र संस्कृतीचा वारसा मोलाचा मानून तो जतन करणे हेही एक आहे. अहिल्याबाईंनी हे कर्तव्य कोणी न सांगता दोनशे वर्षे आधी पाळले.

जीर्णोद्धार म्हणजे जुने पाडून नवे चकचकीत बांधणे नव्हे. जीर्ण झालेल्याचा उद्धार करणे, हा त्या शब्दाचा सरळ अर्थ आहे. जुने कारागीर घाणीत चुना मळत आणि त्यात गूळ, हिरडा, बेलफळ यांसारखी द्रव्ये घालीत. तो चुना दगडाला श्वास घेऊ देतो. त्यावर सिमेंटचा थर दिला की आतली ओल बाहेर पडत नाही आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. कोरीव दगडावर रंगाचे हात दिले की नक्षी बुजते. शक्य तेथे जुना दगड जुन्या जागी बसवावा, तुटला असेल तेवढाच नवा घ्यावा, आणि काढलेला कोरीव दगड उकिरड्यावर न टाकता आवारात मांडून ठेवावा.

हे काम चालू असताना गावातील मुलांना दूर हाकलू नये. गवंड्याच्या हातातील ओळंबा त्यांना धरू द्यावा. जुन्या दगडावर पाथरवटाने कोरलेली खूण त्यांना शोधू द्यावी. शिलालेख असेल तर त्यावर पीठ किंवा कोळसा न फासता तो नुसत्या पाण्याने पुसून वाचावयास शिकवावे. देऊळ कोणी बांधले हे ठाऊक नसेल तर ठाऊक नाही असेच त्यांना सांगावे, कारण खरे तेवढेच सांगणे हाही नागरिकाचा धर्म आहे. दर महिन्याला एका वर्गाने बारव झाडावी, दुसऱ्याने पार. ज्या मुलाने एकदा पायरी धुतली ते मूल पुढे त्या पायरीवर थुंकत नाही, दुसऱ्यालाही थुंकू देत नाही.

अहिल्याबाईंनी आपले सर्व आप्त एकेक करून गमावले आणि ज्यांना कधी पाहिलेही नाही अशा माणसांसाठी सावली आणि पाणी ठेवले. त्या पाण्यावर आणि सावलीवर आज आपली मुले वाढत आहेत. आपल्यामागून येणाऱ्या अनोळखी मुलांसाठी गावाने निदान एक स्वच्छ बारव, एक अभंग पायरी आणि एक उघडा हिशेब मागे ठेवावा, हीच त्या पुण्यश्लोक मातोश्रींना गावाची खरी आदरांजली होय.